परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आरोग्य विमा कसा निवडावा

परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींसाठी आरोग्य विमा घ्यायचा म्हटले, की मुंबईतल्या बहुतेक घरांत पहिला प्रश्न हप्ता किती हा असतो आणि दुसरा प्रश्न रक्कम पन्नास हजार डॉलरची घ्यावी की पाच लाखांची हा असतो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी बरीच नंतर यायला हवी. ज्या देशात जायचे तेथील कायदा, ज्या विद्यापीठात शिकायचे तेथील नियम आणि विद्यार्थ्याची स्वतःची प्रकृती या तीन गोष्टी एकदा नीट समजून घेतल्या, की विचारात घेण्याजोग्या पॉलिसी दोन-तीनच उरतात, आणि काही देशांच्या बाबतीत तर निवडीला जागाच राहत नाही. याउलट आधी स्वस्तातली पॉलिसी घेतली आणि मग विद्यापीठाचे पत्र वाचले, तर एकाच वर्षासाठी दोनदा हप्ता भरण्याची वेळ येते.

आधी देश पाहावा

ब्रिटनला जाणाऱ्याला विम्याचा मोठा भाग व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावा लागतो. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या विद्यार्थी व्हिसासाठी ‘इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज’ नावाचे शुल्क आहे आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी त्याचा दर वर्षाला ७७६ पौंड आहे. एक वर्षाच्या मास्टर्स अभ्यासक्रमाचा व्हिसा प्रत्यक्षात त्याहून काही महिने अधिक मिळत असल्याने दीड वर्षाचे, म्हणजे १,१६४ पौंड भरावे लागतात. अनेक पालक केवळ ७७६ धरून हिशेब करतात आणि अर्ज भरताना गडबडतात. हे शुल्क भरले की तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, स्थानिक नागरिकाप्रमाणे वापरता येते. मात्र त्यासाठी पोहोचल्यावर राहत्या भागातल्या जीपीकडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते, आणि हे काम ताप आल्यावर करण्याचे नाही. दात आणि चष्मा यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे सुमारे १० पौंड पडतात, तर स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये चिठ्ठीवरची औषधे विनामूल्य मिळतात. एनएचएस जे देत नाही ते म्हणजे गंभीर आजारात भारतात परत आणण्याचा खर्च, सामान हरवणे, पालकांना तातडीने बोलावून घेण्याचे तिकीट. एवढ्यापुरती एखादी छोटी प्रवास पॉलिसी घ्यायला हरकत नाही. पण ब्रिटनला जाणाऱ्याला कोणी पाच लाख डॉलरचा संपूर्ण वैद्यकीय विमा आग्रहाने विकत असेल, तर त्या आग्रहाचे कारण विद्यार्थ्याच्या प्रकृतीपेक्षा दलालीत अधिक असण्याची शक्यता आहे.

जर्मनीचे नियम सर्वांत काटेकोर आहेत. तेथे विम्याचा पुरावा दिल्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदले जात नाही. वयाच्या ३० वर्षांपर्यंत विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा योजनेत सवलतीच्या दराने प्रवेश मिळतो. टेक्निकर, एओके, बार्मर ही त्यांतली परिचित नावे. महिन्याचा खर्च साधारण १४० ते १५० युरोच्या घरात जातो. कोणत्याही सार्वजनिक विमा संस्थेकडे गेले तरी उपचारांचा गाभा कायद्याने सारखाच असतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक हप्त्यातले दोन-चार युरो आणि इंग्रजीतून मिळणारी मदत एवढाच राहतो. खरा निर्णय सार्वजनिक की खासगी हा आहे, आणि तो जपून घ्यावा, कारण सार्वजनिक विम्यातून सूट घेऊन एकदा खासगी विमा पत्करला की शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही. महिन्याला पन्नास-साठ युरो वाचतात म्हणून पहिल्याच आठवड्यात खासगी कागदावर सही करणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे दीर्घ उपचारांची गरज पडली, तर ती बचत फार महाग ठरते. ३० वर्षे ओलांडलेल्यांना आणि विद्यापीठाआधी भाषेचा किंवा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करणाऱ्यांना ही विद्यार्थी सवलत मिळत नाही, त्यांना खासगी विमाच शोधावा लागतो. सार्वजनिक विमा नावनोंदणीनंतर लागू होत असल्याने मुंबईहून निघाल्यापासून तोपर्यंतच्या काळासाठी प्रवास विमा लागतो, आणि नरिमन पॉइंटच्या वाणिज्य दूतावासाच्या व्हिसा अर्जासोबतही त्याचा पुरावा जोडावा लागतो.

ऑस्ट्रेलियात ‘ओव्हरसीज स्टुडंट हेल्थ कव्हर’, ज्याला सगळे ओएसएचसी म्हणतात, तो व्हिसाची अटच आहे. मेडिबँक, बुपा, अलायन्झ केअर, निब अशा मोजक्या कंपन्यांनाच तो विकण्याची मुभा आहे, त्यामुळे भारतीय कंपनीची कितीही चांगली पॉलिसी त्याची जागा घेऊ शकत नाही. तो अभ्यासक्रमाच्या नव्हे तर संपूर्ण व्हिसाच्या कालावधीसाठी असावा लागतो. विद्यापीठ ज्या कंपनीचा विमा सुचवते तोच घेण्याचे बंधन सहसा नसते, म्हणून दर ताडून पाहावेत. आधीपासूनच्या आजारांसाठी १२ महिन्यांचा आणि मानसिक आजारांसाठी २ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी आहे, आणि डॉक्टरने सरकारी दरापेक्षा जास्त शुल्क लावले तर वरचा फरक स्वतः भरावा लागतो. शहरात पोहोचताच, विमा कंपनीला थेट बिल पाठवणारा जवळचा दवाखाना कोणता, हे विद्यार्थ्याने विचारून ठेवावे.

कॅनडात उत्तर प्रांतागणिक बदलते, आणि ‘कॅनडात उपचार फुकट असतात’ या ऐकीव वाक्यावर विसंबून राहू नये. ओंटारिओच्या सरकारी योजनेत परदेशी विद्यार्थी येत नाहीत. तेथील विद्यापीठे यूएचआयपी नावाचा विमा शुल्कातच जोडतात, तर कॉलेजांची व्यवस्था वेगळी असते. ब्रिटिश कोलंबियात प्रांताच्या योजनेत नोंदणी करावी लागते, तिचे महिन्याला ७५ कॅनेडियन डॉलर शुल्क आहे, आणि पोहोचल्याचा महिना व त्यानंतरचे दोन महिने हे संरक्षण मिळत नाही, म्हणून तेवढ्या काळाचा खासगी विमा घेणे भाग पडते. मॅनिटोबाने परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी योजनेतून २०१८ मध्ये वगळले. आल्बर्टात मात्र वर्षभराचा किंवा त्याहून अधिक मुदतीचा स्टडी परमिट असल्यास सरकारी योजनेत नाव घालता येते.

फ्रान्समध्ये विद्यार्थी सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत विनामूल्य नोंदवला जातो, ती खर्चाचा मोठा हिस्सा परत करते आणि उरलेल्यासाठी ‘म्युच्युएल’ नावाचा पूरक विमा घेतला जातो.

अमेरिका: जिथे निवड खरोखर करावी लागते

एफ-१ व्हिसावरच्या, म्हणजे नेहमीच्या विद्यार्थी व्हिसावरच्या, विद्यार्थ्याला विमा घ्यायला लावणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. सक्ती करते ते विद्यापीठ, आणि प्रत्येक विद्यापीठाची सक्ती वेगळी. जे-१, म्हणजे देवाणघेवाण (एक्स्चेंज) कार्यक्रमांच्या व्हिसासाठी मात्र केंद्रीय नियम आहे: प्रत्येक आजारास किंवा अपघातास किमान १ लाख डॉलर, रुग्णाला हलवण्यासाठी ५० हजार डॉलर, मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी पाठवण्यासाठी २५ हजार डॉलर, आणि विद्यार्थ्याने आधी भरायची रक्कम एका आजारास ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही. जे-१ वर जाणाऱ्याने हे आकडे पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून तपासावेत.

विद्यापीठाच्या पत्रात साधारण तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते. काही विद्यापीठे आपली योजना सर्वांवर बंधनकारक करतात आणि तिचे पैसे शुल्कात लावतात. तेथे विचार करण्यासारखे काही उरत नाही. काही विद्यापीठे आपली योजना आपोआप लावतात, पण तितकाच चांगला दुसरा विमा दाखवल्यास ‘वेव्हर’, म्हणजे सूट देतात. आणि काही विद्यापीठे, विशेषतः लहान कॉलेजे, कोणताही विमा दाखवला तरी चालवून घेतात. मधल्या प्रकारात सर्वाधिक गोंधळ होतो. सूट देण्याच्या अटींची यादी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राच्या संकेतस्थळावर असते. आधीपासूनच्या आजारांना वगळलेले नसावे, मानसिक आरोग्य आणि बाळंतपण समाविष्ट असावे, विमा कंपनीचे दावे निकाली काढणारे कार्यालय अमेरिकेत असावे, वार्षिक मर्यादा नसावी अशा त्या अटी असतात. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थी पॉलिसी यांतल्या एखाद-दुसऱ्या अटीत अडकतात. ‘आमची पॉलिसी सर्व विद्यापीठांत चालते’ असे सांगणाऱ्या एजंटाला विद्यापीठाच्या नावासह ते लेखी मागावे. लेखी मिळत नसेल तर ते वाक्य ऐकले नाही असे समजावे. सूट मागण्याची मुदत सत्र सुरू झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत संपते आणि ती चुकली की विद्यापीठाचा हप्ता माफ होत नाही.

आता पैशांचे बोलू. विद्यापीठाची योजना वर्षाला दोन ते चार हजार डॉलर, काही ठिकाणी त्याहूनही अधिक घेते, तर भारतीय कंपनीची पॉलिसी त्याच्या एका छोट्या अंशात मिळते. हा फरक पाहून विद्यापीठ लुटते आहे असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो अर्धवट आहे. दोन्ही पॉलिसी वेगवेगळ्या गोष्टी विकतात. समजा, विद्यार्थ्याला अचानक अपेंडिक्सचा त्रास झाला आणि बिल ४०,००० डॉलर झाले. विद्यापीठाच्या योजनेत ‘डिडक्टिबल’, म्हणजे वर्षभरात आधी स्वतः भरायची रक्कम, ५०० डॉलर आहे. त्यापुढच्या खर्चाचे २० टक्के विद्यार्थ्याने द्यायचे आहेत. आणि वर्षाला स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या पैशांची कमाल मर्यादा ५,००० डॉलर आहे. ५०० वजा जाता उरलेल्या ३९,५०० डॉलरचे २० टक्के म्हणजे ७,९०० आणि वरचे ५०० असे ८,४०० डॉलर झाले असते, पण कमाल मर्यादेमुळे ५,००० वर थांबले. भारतीय पॉलिसीत प्रत्येक दाव्यामागे १०० डॉलर स्वतः भरायचे आणि कमाल मर्यादा एक लाख डॉलर असेल, तर कागदावर विद्यार्थ्याचे फक्त १०० डॉलर जातात.

म्हणजे अचानक उद्भवलेल्या, एकदाच होणाऱ्या, मर्यादेच्या आत बसणाऱ्या आजारात भारतीय पॉलिसी सरस ठरू शकते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण तिची धाव इथेच संपते. हाच विद्यार्थी अपघातात सापडून तीन आठवडे अतिदक्षता विभागात राहिला, तर एक लाख डॉलरची मर्यादा पुरणार नाही आणि त्यापुढचे सगळे बिल त्याच्या नावावर येईल, तर विद्यापीठाच्या योजनेत त्याचा भार ५,००० डॉलरवर थांबलेला असेल. दमा असलेल्याची औषधे, नैराश्यासाठी आठवड्याला होणारे समुपदेशन, पाठीच्या दुखण्यासाठी वारंवार घेतलेली फिजिओथेरपी हे सगळे विद्यापीठाच्या योजनेत असते आणि प्रवास पॉलिसीत बहुधा नसते. शिवाय प्रवास पॉलिसीचे ‘कॅशलेस’ हे रुग्णालयाने मान्य केले तरच कॅशलेस असते. अमेरिकेतले रुग्णालय परिचित नसलेल्या विमा कार्डाकडे पाहून आधी पैसे मागू शकते आणि मग सगळा दावा परताव्याचा होतो.

दोन्हींची तुलना करताना डिडक्टिबल वर्षाला आहे की प्रत्येक दाव्याला, हे जरूर पाहावे. कागदावर ५०० विरुद्ध १०० दिसत असले, तरी वर्षात सहा-सात वेळा डॉक्टरकडे जावे लागले तर हा फरक उलटतो.

विद्यापीठाच्या योजनेतही ‘नेटवर्क’ ही मेख असते. योजनेशी करार केलेल्या डॉक्टरकडे गेले तर खर्च कमी, बाहेर गेले तर दुप्पट किंवा पूर्ण स्वतःचा. २०२२ पासून लागू झालेल्या ‘नो सर्प्रायझेस’ कायद्यामुळे तातडीच्या विभागात नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरने पाहिले तरी रुग्णाला जादा बिल लावता येत नाही, पण हे संरक्षण अमेरिकी आरोग्य विम्यासाठी आहे, प्रवास पॉलिसीसाठी नाही, आणि रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेच्या बिलालाही ते लागू नाही. म्हणून विद्यार्थ्याला मुंबईतच हे समजावून द्यावे, की ताप, पोटदुखी, मुरगळलेला पाय यांसाठी आधी विद्यापीठाचे आरोग्य केंद्र, ते बंद असेल तर ‘अर्जंट केअर’ दवाखाना, आणि जिवाला धोका असेल तेव्हाच तातडीचा विभाग. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र पैशांचा विचार करत खोलीत बसू नये: १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागाला पैसे देण्याची ऐपत न पाहता रुग्णाची प्रकृती स्थिर करावीच लागते, हिशेब नंतर होतो.

प्रकृतीची खरी कुंडली

भारतीय पॉलिसीच्या अर्जात ‘आधीपासूनचे आजार’ हा रकाना असतो आणि अनेक घरांत तो रिकामा ठेवला जातो. कधी एजंट ‘काही लिहू नका, उगाच अडचण होते’ असे सांगतो, तर कधी पालकांना थायरॉइडची रोजची गोळी किंवा पीसीओडी हा आजार वाटतच नाही. ही लपवाछपवी निरुपयोगी आहे. परदेशातला डॉक्टर पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याला पूर्वेतिहास विचारतो, विद्यार्थी खरे सांगतो, ते डॉक्टरांच्या टिपणात उतरते आणि तेच टिपण दाव्यासोबत विमा कंपनीकडे जाते. मग त्या आजाराचाच नव्हे, तर संपूर्ण पॉलिसीचा प्रश्न उभा राहू शकतो.

अर्ज भरण्याआधी विद्यार्थ्याशी एकट्याने बोलण्याची संधी कुटुंबाच्या डॉक्टरांना द्यावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अठरा-वीस वर्षांची मुले झोपेच्या गोळ्या, भीतीचे झटके, एखादे जुने समुपदेशन आईवडिलांसमोर सांगत नाहीत, आणि परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात नेमके तेच उफाळून येते. मधुमेह, अपस्मार, दमा, आतड्याचा दीर्घ आजार किंवा मानसिक आजारावरचे चालू उपचार यांपैकी काहीही असेल, तर अमेरिकेत विद्यापीठाची योजना घ्यावी आणि स्वस्त पर्यायाच्या मागे लागू नये. भारतीय पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी लिहिलेले संरक्षण बहुधा ‘जीवघेण्या प्रसंगापुरते’ असते. इन्सुलिनचा दरमहा खर्च त्यात बसत नाही.

पॉलिसीत रक्कम पाहण्याआधी अपवादांचे पान पाहावे. मद्यपानानंतर झालेली दुखापत, साहसी खेळ, स्पर्धात्मक खेळ, स्वतःला केलेली इजा, गर्भधारणा, दातांचे उपचार यांबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. त्यानंतर उपमर्यादा. ‘पाच लाख डॉलर’ असे पहिल्या पानावर छापलेल्या पॉलिसीत खोलीचे भाडे, शस्त्रक्रिया किंवा सल्लागार डॉक्टरांचे शुल्क यांवर स्वतंत्र छोटी मर्यादा असू शकते, आणि मग ती मोठी रक्कम केवळ शोभेची राहते. उपमर्यादा असलेली मोठी पॉलिसी आणि उपमर्यादा नसलेली मध्यम पॉलिसी यांत मी दुसरी निवडेन.

वैद्यकीय भागाव्यतिरिक्त भारतीय पॉलिसीत दोन-तीन गोष्टी खरोखर उपयोगाच्या असतात आणि विद्यापीठाच्या योजनेत त्या सहसा नसतात: आजारपणामुळे सत्र सोडावे लागले तर भरलेल्या शुल्काची भरपाई, शिक्षणाचा खर्च करणाऱ्या पालकाचा मृत्यू झाल्यास उरलेल्या शुल्काची तरतूद, आणि विद्यार्थी रुग्णालयात बरेच दिवस असेल तर घरच्या एका व्यक्तीचे जाण्यायेण्याचे तिकीट. एकट्या कमावत्या पालकाच्या घरात यांतली दुसरी तरतूद हप्त्याइतकीच विचारात घ्यावी. पासपोर्ट आणि सामान हरवण्याची भरपाई ही मात्र गोड बोलून पुढे केलेली किरकोळ बाब आहे, तिच्यावरून पॉलिसी ठरवू नये.

बँकेचा विमा हा आरोग्य विमा नव्हे

शिक्षणकर्ज मंजूर करताना बँक विद्यार्थ्याच्या नावे एक विमा घ्यायला सांगते आणि त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेत जोडते. तो बहुतेक वेळा आयुर्विमा असतो: विद्यार्थ्याचे काही बरेवाईट झाले तर बँकेचे कर्ज फिटावे म्हणून. ‘बँकेने विमा काढला आहे’ या समजुतीवर निर्धास्त राहिलेले पालक भेटतात, म्हणून हे वेगळे सांगावे लागते. आरोग्य विम्याचा हप्तादेखील शिक्षणाचा खर्च म्हणून कर्जात धरता येतो का, हे बँकेला मंजुरीपूर्वीच विचारावे.

घरच्या मेडिक्लेमचाही प्रश्न इथेच सुटावा. मूल परदेशी गेले म्हणून त्याचे नाव कुटुंबाच्या पॉलिसीतून काढून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. एकदा नाव काढले की परतल्यावर नव्याने प्रतीक्षा कालावधी सुरू होतो, आणि सुटीत मुंबईला आलेल्या विद्यार्थ्याला डेंग्यू झाला तर परदेशातल्या शिक्षणासाठी घेतलेली भारतीय प्रवास पॉलिसी इथल्या रुग्णालयात सहसा उपयोगी पडत नाही. मुलाला कुटुंबाच्या पॉलिसीत ठेवण्याची वयोमर्यादा बहुधा २५ असते. ती ओलांडत असेल तर आधीची सलगता टिकवून त्याच्या नावे स्वतंत्र पॉलिसी करून देण्याची विनंती कंपनीला करावी.

तारखा जुळवणे

विद्यापीठाची योजना ज्या दिवशी सुरू होते आणि विद्यार्थी ज्या रात्री सहार विमानतळावरून निघतो, या दोन दिवसांमध्ये बहुधा अंतर असते. ऑगस्टच्या मध्यापासून योजना लागू होणार असेल आणि घर शोधण्यासाठी विद्यार्थी जुलैच्या अखेरीस जाणार असेल, तर मधल्या दिवसांसाठी छोट्या मुदतीची प्रवास पॉलिसी घ्यावी. तिचा हप्ता फार नसतो. बहुतेक भारतीय प्रवास पॉलिसी भारतातून निघण्यापूर्वीच घ्याव्या लागतात, हेही ध्यानात ठेवावे. मुदतवाढ हवी असल्यास जुनी मुदत संपण्याआधी अर्ज करावा लागतो.

दुसरी फट शिक्षणाच्या शेवटी पडते आणि ती अधिक धोक्याची आहे. अमेरिकेत पदवी मिळाल्यावर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, नोकरी शोधण्याच्या महिन्यांत विद्यापीठाचा विमा संपलेला असतो आणि मालकाचा सुरू झालेला नसतो. ब्रिटनमध्ये ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करताना आरोग्य शुल्क पुन्हा भरावे लागते, आणि तेव्हा विद्यार्थ्याचा सवलतीचा दर लागू नसून वर्षाला १,०३५ पौंडांचा दर लागतो. शिक्षणाच्या एकूण खर्चाच्या तक्त्यात ही रक्कम आजच लिहून ठेवावी.

निघण्यापूर्वी मुंबईत उरकायची कामे

दात, चष्मा आणि लसी या तीन गोष्टींवर परदेशातला कोणताही विमा उदार नसतो, आणि मुंबईत त्या तुलनेने स्वस्तात होतात. अक्कलदाढेची शंका असेल तर एक्स-रे काढून निर्णय घ्यावा. चष्म्याच्या दोन जोड्या आणि नंबरची चिठ्ठी सोबत द्यावी. अमेरिकी विद्यापीठे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांचा पुरावा आणि अनेकदा क्षयाची चाचणी मागतात. लहानपणीचे लसीकरण पत्रक सापडत नसेल तर रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी किंवा पुन्हा लस हे दोन मार्ग आहेत आणि दोन मात्रांमध्ये काही आठवड्यांचे अंतर लागते, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नये. नियमित औषधे सुमारे तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव नव्हे तर मूळ घटकाचे नाव असावे, कारण इथली व्यापारी नावे तेथील औषध विक्रेत्याला ओळखू येत नाहीत.

एक काम बहुतेकांना सुचतच नाही. १८ वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याची वैद्यकीय माहिती अमेरिकेत त्याच्या संमतीशिवाय आईवडिलांनाही सहसा दिली जात नाही. गोरेगावहून मध्यरात्री फोन लावणाऱ्या आईला रुग्णालय ‘आम्ही काही सांगू शकत नाही’ असे उत्तर देऊ शकते, आणि ते नियमाला धरूनच असते. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात माहिती देण्याच्या संमतीचा अर्ज असतो, तो विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात भरून ठेवावा. विमा कार्डाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, पॉलिसी क्रमांक आणि चोवीस तासांच्या मदत क्रमांकाची नोंद घरी एका पालकाच्या फोनवर आणि परदेशात एका खोलीसोबत्याकडे असावी.

दावा करायची वेळ आली तर

भारतीय पॉलिसीत रुग्णालयात दाखल होताच, शक्य असेल तर आधीच, मदत क्रमांकावर कळवावे लागते. पॉलिसीत त्याची मुदत तासांत लिहिलेली असते. परताव्यासाठी नुसती पावती पुरत नाही. तपशीलवार बिल, निदान लिहिलेले डॉक्टरांचे प्रमाणपत्र, डिस्चार्जचा कागद, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, पासपोर्टवरील प्रवेशाच्या शिक्क्याची प्रत आणि भरलेला दावा अर्ज लागतो. अमेरिकेतली बिले रुग्णालय, डॉक्टर, प्रयोगशाळा यांच्याकडून वेगवेगळी आणि आठवड्यांच्या अंतराने येतात, म्हणून पहिल्या बिलावर दावा पूर्ण झाला असे समजू नये. अमेरिकी विमा कंपनीकडून येणारे खर्चाचे विवरणपत्र हे बिल नसते. ते पाहून घाबरून पैसे भरू नयेत, रुग्णालयाच्या बिलाशी ते जुळते का ते पाहावे.

भारतीय कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवरच्या विमा लोकपाल कार्यालयात पुढील वर्षभराच्या आत तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांना ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देता येतो. भारतीय विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ या ऑनलाइन व्यवस्थेवरही तक्रार नोंदवता येते. हे दोन्ही दरवाजे केवळ भारतात विकलेल्या पॉलिसीसाठी उघडे आहेत. विद्यापीठाच्या योजनेविषयीचे गाऱ्हाणे विद्यापीठाच्या विमा कार्यालयाकडे आणि त्या राज्याच्या विमा विभागाकडेच न्यावे लागते, आणि तेथे पत्रव्यवहार विद्यार्थ्यालाच करावा लागतो.